कासवाच्या गाठीत व्हायरस शोधायचा कसा, आणि सापडल्यावर पुढं काय करायचं

हिरव्या समुद्री कासवाचा तो फोटो बऱ्याच जणांनी बघितला असेल, डोळ्यांवर, मानेवर, पुढच्या वल्ह्यांच्या काखेत फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी, आणि कासवाला नीट दिसतही नाही. या रोगाचं नाव फायब्रोपॅपिलोमॅटोसिस, पुढं मी नुसतं एफपी म्हणेन. फोटोखाली लोक नेहमी एकच विचारतात, हा कॅन्सर आहे की व्हायरस आहे की प्रदूषण? मी बरीच वर्षं क्यूपीसीआरच्या (डीएनएचा ठरावीक तुकडा दर सायकलला दुप्पट करत त्याच्या मूळ कॉपी मोजायची पद्धत) टेबलावर काढली आहेत आणि या कासवांवरचं संशोधन मन लावून वाचत आले आहे, म्हणून वाटलं की एका गाठीपासून मॉलिक्युलर उत्तरापर्यंत कसं जायचं ते एकदा नीट लिहावं. बायोटेक, मायक्रो, व्हेटरनरीवाल्यांना थेट उपयोग होईल, बाकीच्यांना निदान बातमी वाचताना कुठला प्रश्न विचारायचा ते कळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. या गाठींचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९३८ सालचं, स्मिथ आणि कोट्स यांचं, न्यूयॉर्क ॲक्वेरियममधल्या हिरव्या कासवांवरून, आणि ती कासवं फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' या बेटाकडची. १९८० नंतर फ्लोरिडा आणि हवाईत रोग झपाट्यानं वाढला. हवाईत नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर प्रमाण उतरत गेलं, पण फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये अजूनही पकडलेल्या लहान कासवांपैकी जवळपास अर्ध्यांना गाठी असतात असं तिथल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. आता सातही जातींच्या समुद्री कासवांत नोंद आहे, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडलेतसुद्धा, कोस्टारिकातल्या ओस्तिओनालच्या रिडलेंमध्ये तर चांगला अभ्यास झालाय.

संशयित व्हायरसचं नाव चेलोनिड अल्फाहर्पीसव्हायरस ५, तोंडात बसायला सीएचएचव्ही५. हर्पीसच्याच घराण्यातला, म्हणजे आपल्या ओठावर ताप उठतो किंवा कांजिण्या येतात त्यांचा लांबचा नातेवाईक. त्याचा जीनोम २०१२ साली वाचून झाला, साधारण १ लाख ३२ हजार बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, आणि त्यात काही जीन असे निघाले जे अल्फाहर्पीसव्हायरसमध्ये सहसा नसतात, उदाहरणार्थ पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरा बदलणारं सायलिलट्रान्सफरेज आणि लेक्टिनसारखी दोन प्रोटीन. हे जीन कासवाच्या इम्यून सिस्टीमला चकवायला वापरले जात असावेत असा अंदाज आहे, पण अंदाजच.

व्हायरसच कारण आहे कशावरून? १९९५ साली हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी गाठीचा रस फिल्टर करून, म्हणजे त्यात एकही पेशी नाही बॅक्टेरिया नाही असा करून निरोगी कासवांना टोचला आणि गाठी आल्या. म्हणजे फिल्टरमधून जाणारं काहीतरी रोग देतं हे ठरलं. पण हाच व्हायरस शुद्ध करून, वाढवून, टोचून दाखवणं राहिलंय कारण तो साध्या सेल कल्चरमध्ये वाढतच नाही. २०१७ साली वर्क आणि सहकाऱ्यांनी कासवाच्या पेशींपासून थर लावून त्वचाच उभी केली तेव्हा कुठं प्लेटमध्ये त्याची वाढ दिसली. म्हणून पेपरांत 'एफपीशी निगडित व्हायरस' असंच लिहिलेलं असतं, ते घाबरून लिहिलेलं नाही, बरोबर लिहिलंय.

आता कामाला लागू.

लॅबच्या आधी कासव नीट बघायचं. प्रत्येक गाठीची जागा, लांबी-रुंदी, रंग, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, सगळं स्केल ठेवून फोटोत घ्यायचं. हवाईत ० ते ३ असा स्कोर वापरतात, ० म्हणजे गाठच नाही आणि ३ म्हणजे फार वाईट. तोंड उघडून घशाकडं बघायला विसरू नका, हवाईच्या कासवांत घशात गाठी बऱ्याचदा असतात, फ्लोरिडात क्वचित. आणि बार्नॅकलला गाठ समजू नका, बार्नॅकल कडक, चुनखडीचं, ज्वालामुखीच्या तोंडासारखं मधे भोक असलेलं असतं, गाठ मांसल असते आणि दाबली तर दबते. फुप्फुस आणि मूत्रपिंडातल्या गाठी बाहेरून कळत नाहीत, त्यासाठी एक्सरे, सीटी स्कॅन किंवा दुर्बीण लागते. फ्लोरिडात मॅरेथॉन गावात १९८६ पासून टर्टल हॉस्पिटल आहे, तिथं लेझरनं गाठी काढतात, पण आत गाठी असतील तर बाहेरच्या काढून कासव वाचत नाही, म्हणून आतली तपासणी सर्जरीच्या आधीच करतात.

सॅम्पल घेताना बायोप्सी पंच वापरतात, ४ किंवा ६ मिलिमीटरचा. इथं एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बऱ्याच ठिकाणी राहून जाते: गाठीसोबत त्याच कासवाच्या गाठ नसलेल्या कातडीचा तुकडा घ्या. तो नसेल तर पुढच्या निम्म्या प्रश्नांना उत्तर नाही, मग कितीही महागडं सिक्वेन्सिंग करा. गाठीच्या तुकड्याचे तीन भाग करा. एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, एक डीएनएसाठी, एक आरएनएलेटरमध्ये, म्हणजे आरएनए टिकवणाऱ्या द्रवात. आरएनएलेटरचा तुकडा अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर द्रव आतपर्यंत पोचतच नाही आणि मधला आरएनए सडतो, रात्रभर ४ अंशावर ठेवून मग उणे ८० ला. प्रत्येक कासवाला नवा पंच, नवे ग्लव्ह्ज. आणि हे सगळं परवानगी असलेल्या डॉक्टरनंच करायचं, समुद्री कासवाला हात लावायलासुद्धा अमेरिकेत परमिट लागतं, आपल्याकडं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत.

डीएनए काढायला साधं कॉलम किट चालतं, फक्त गाठ तंतुमय असते, फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) आणि कोलाजेननं भरलेली, म्हणून प्रोटिनेज के हे प्रोटीन पचवणारं एन्झाइम घालून रात्रभर पचू द्या, घाई केली तर निम्मं डीएनए तुकड्यातच राहतं. काळ्या गाठींत मेलॅनिन असतं आणि मेलॅनिन पीसीआर अडवतं, ते लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता क्यूपीसीआर. टार्गेट म्हणून बहुतेक जण यूएल३० घेतात, म्हणजे व्हायरसच्या डीएनए पॉलिमरेजचा जीन. स्टँडर्ड कर्व्हसाठी, म्हणजे कॉपी आधीच माहीत असलेल्या मोजपट्टीसाठी, तोच तुकडा घातलेला प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) लागतो आणि त्याच्या कॉपी मोजायचं गणित असं, नॅनोग्रॅमला ६.०२२ × १०^२३ नं गुणायचं आणि लांबी × ६५० (एका बेसजोडीचं सरासरी वजन) × १०^९ नं भागायचं. प्लास्मिड तुकड्यासकट ३००० बेसचा असेल तर १ नॅनोग्रॅममध्ये साधारण ३१ कोटी कॉपी. त्याचे दहा-दहा पट पातळ करत सात पायऱ्या करा. कर्व्हचा उतार उणे ३.३ च्या आसपास यायला हवा, म्हणजे एफिशियन्सी (दर सायकलला दुप्पट होण्याचं प्रमाण) ९० ते ११० टक्क्यांत.

प्लास्मिड मात्र वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटनं, आणि सगळ्यात शेवटी उघडा. मी एकदा घाईत सॅम्पलच्याच हूडमध्ये स्टँडर्ड पातळ केलं होतं, ते काम कासवांचं नव्हतं पण धडा तोच, दुसऱ्या दिवसापासून नुसत्या पाण्याच्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खड्ड्यात, ३१ व्या सायकलला सिग्नल यायला लागला. तीन आठवडे सगळे रिएजंट बदलण्यात गेले आणि त्या काळातला एकही रिझल्ट वापरता आला नाही. एका मायक्रोलिटरमध्ये कोट्यवधी कॉपी असतात, झाकण उघडताना उडालेला डोळ्याला न दिसणारा थेंबसुद्धा पुरतो.

मेलॅनिन अडवतंय का हे बघायला तेच डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. सीटी व्हॅल्यू, म्हणजे सिग्नल कितव्या सायकलला आला तो आकडा, साधारण ३.३ नं वाढली तर ठीक. तेवढी वाढली नाही किंवा उलट कमी झाली तर अडथळा आहे, आणि तुमचं 'निगेटिव्ह' खरं निगेटिव्ह नसेल.

पुढचं गणित मला फार आवडतं कारण त्यातून आकड्याला अर्थ येतो. हिरव्या कासवाचा जीनोम अंदाजे २.२ अब्ज बेसचा, म्हणजे एका पेशीत दोन प्रती धरून साडेचार पिकोग्रॅमच्या आसपास डीएनए. तुम्ही १०० नॅनोग्रॅम डीएनए घातलं तर ते सुमारे २२ हजार पेशींचं. आता त्यात व्हायरसच्या २२ हजार कॉपी निघाल्या तर पेशीमागं एक, २० निघाल्या तर हजार पेशींमागं एक. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलं असतं तर दोन्ही रिपोर्ट सारखेच दिसले असते! फक्त नॅनोग्रॅमवर विसंबू नका, सोबत कासवाचा एखादा एकच प्रत असलेला जीन लावून पेशी मोजा. आणि आणखी एक, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या लाल रक्तपेशींत न्यूक्लियस असतो, आपल्यासारख्या रिकाम्या नसतात. बायोप्सीला रक्त लागलं असेल तर त्या रक्ताचं डीएनए बेरजेत येतं आणि व्हायरस आहे त्यापेक्षा पातळ दिसतो. म्हणून तुकडा सलाइनमध्ये नीट धुऊन घ्या.

तीन वेलपैकी एकाच वेलमध्ये ३८ व्या सायकलला सिग्नल आला तर काही जाहीर करू नका, पुन्हा डीएनए काढून पुन्हा लावा.

समजा सगळं नीट झालं आणि गाठीत भरपूर व्हायरस निघाला, कातडीत अगदी थोडा. इथं बहुतेक लोक थांबतात, आणि मला मनापासून वाटतं की थांबू नये. कारण गाठ अजिबात नसलेल्या, तब्येतीनं उत्तम कासवांच्या कातडीतही हा व्हायरस सापडलाय. म्हणजे लागण होणं वेगळं आणि रोग होणं वेगळं. हर्पीसचा स्वभावच असा, शिरतो आणि झोपतो. तेव्हा पुढचा प्रश्न असा की गाठीतला व्हायरस जागा आहे का.

त्याचं एक उत्तर फॉर्मलिनमधल्या तुकड्यात. स्लाइडवर खाली फायब्रोब्लास्टचा ढीग आणि वर जाड झालेली, घड्या पडलेली एपिडर्मिस, म्हणजे कातडीचा वरचा थर, दिसेल. व्हायरस खरोखर कण तयार करत असेल तर एपिडर्मिसच्या पेशी फुगलेल्या दिसतात आणि न्यूक्लियसमध्ये इन्क्लुजन बॉडी, म्हणजे व्हायरस जमल्याचे ठिपके, दिसतात. अशा जागा शोधायला मुद्दाम वेळ काढा, कारण त्या फार थोड्या गाठींत आणि तिथंही ठिपक्याठिपक्यानं असतात. हवाईच्या अभ्यासात हेच दिसलं, बहुतेक कासवं कण सोडतच नाहीत आणि मोजकी काही भरमसाट सोडतात, म्हणजे सुपरस्प्रेडर. एका भागात एक इन्क्लुजन नाही म्हणून दुसरीकडं नसेल असं नाही, तेव्हा एका गाठीचे तीन-चार कापे तरी बघावेत.

दुसरं उत्तर आरएनए सिक्वेन्सिंगमधून येतं, कारण जीन चालू असला की त्याचा आरएनए बनतो. गंमत म्हणजे हे तुम्ही घरबसल्या शिकू शकता, अशा अभ्यासांचा कच्चा डेटा पब्लिक डेटाबेसमध्ये ठेवलेला असतो आणि गॅलक्सी या मोफत प्लॅटफॉर्मवर ब्राउझरमधूनच काम होतं, लॅपटॉप साधा चालतो. आधी फास्टक्यूसी या टूलनं क्वालिटी बघा, अडॅप्टर (मशीनसाठी टोकाला जोडलेले तुकडे) कापा, मग रीड्स, म्हणजे मशीननं वाचलेले छोटे तुकडे, कासव आणि व्हायरस या दोन्ही जीनोमवर एकत्र लावा. हिरव्या कासवाचा जीनोम २०१३ ला आला आणि २०२३ ला क्रोमोसोमपर्यंत जोडलेली छान आवृत्ती आली, ती नवीच वापरा.

इथं एक मोठा खड्डा आहे. गाठीत व्हायरसचं डीएनए आधीच खूप असतं, आरएनए काढताना त्यातलं जरासं जरी राहिलं तरी रीड्समध्ये 'व्हायरसचे जीन चालू आहेत' असं खोटंच दिसतं. म्हणून डीएनेज ट्रीटमेंट (उरलेलं डीएनए एन्झाइमनं तोडणं) नीट झालीय का बघा, आणि डेटा दुसऱ्याचा असेल तर व्हायरसच्या जीनोमवर रीड्स कुठं बसलेत ते डोळ्यांनी बघा. खऱ्या आरएनएचे रीड्स जीनवर आणि ठरावीक बाजूला गोळा होतात, डीएनएचे सगळीकडं सारखे पसरतात, दोन जीनच्या मधल्या रिकाम्या जागेतसुद्धा. फ्लोरिडा विद्यापीठाच्या व्हिटनी लॅबच्या २०२१ च्या अभ्यासात नव्या, जुन्या, सर्जरीनंतर परत आलेल्या आणि आतल्या अशा सगळ्या प्रकारच्या गाठी बघितल्या, आणि निष्कर्ष असा की व्हायरस बहुतांशी झोपलेलाच, म्हणजे जास्त डीएनए हे झोपलेल्या व्हायरसचं. शिवाय व्हायरसचे जीन जास्त चालू असले म्हणून कासवाचं पुढं वाईटच झालं असंही दिसलं नाही. हे वाचलं तेव्हा मी क्यूपीसीआरच्या आकड्यांकडं कायमची वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

मग गाठ वाढवतंय कोण? कासवाचेच जीन बघा. डीईसेक२ या जीनची तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल लिहिताना आधी 'कासव' आणि मग 'टिश्यू' घाला, म्हणजे प्रत्येक गाठीची तुलना त्याच कासवाच्या कातडीशी होते, नाहीतर वय, पाणी, आजारपण, अँटिबायोटिक सगळ्यांचा फरक गाठीच्या नावावर जमा होतो. आणि मूत्रपिंडातल्या गाठीची तुलना मूत्रपिंडाशीच करा, फुप्फुसाची फुप्फुसाशी. कातडीशी केली तर हजारो जीन 'बदललेले' दिसतील पण ते फक्त मूत्रपिंड आणि कातडी वेगळी असते एवढंच सांगत असतील. जीनची यादी आली की एकेका जीनच्या मागं न लागता पाथवे, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या जीनच्या साखळ्या, बघा. व्हिटनी लॅबच्या डफी, यॅट्स्को आणि सहकाऱ्यांच्या कामात २०१८ आणि २०२१ ला जे पुढं आलं ते असं, व्ह्‌न्ट, मॅपकायनेज, टीजीएफ-बीटा, टीएनएफ हे सिग्नल, म्हणजे माणसाच्या कॅन्सरमध्ये जे बिघडतात तेच. आतल्या गाठी बाहेरच्यांपेक्षा मॉलिक्युलर पातळीवर वेगळ्या, पण हे थोडे धागे समान. एफपीला बिनाइन (कॅन्सर नसलेली गाठ) म्हणायची पद्धत आहे, पण मूत्रपिंडातल्या आणि जुन्या बाहेरच्या गाठींत मेटास्टॅसिसशी (कॅन्सर शरीरभर पसरण्याशी) संबंधित जीन चांगलेच चढलेले होते. आणि जी कासवं मेली किंवा ज्यांना वेदनेतून सोडवावं लागलं त्यांच्या गाठींत पेशी मारणारे आणि इम्यूनचे जीन दबलेले होते. यातूनच औषधाची कल्पना आली, माणसाच्या कातडीच्या कॅन्सरवर वापरतात ते ५-फ्लुरोयुरॅसिल डोळ्याच्या गाठीच्या सर्जरीनंतर लावलं तेव्हा गाठी परत येण्याचं प्रमाण कमी झालं. एका रांगत्या, मुक्या जिवाच्या डोळ्याला आपल्या दवाखान्यातलं औषध लागू पडतं, मला हे वाचून खरंच भरून आलं होतं.

व्हायरसचा प्रकार ओळखायचा असेल तर यूएल३० आणि आणखी दोन-तीन जीन साध्या सँगर सिक्वेन्सिंगनं वाचून त्यांच्या नात्यांचं वंशझाड काढा. अपेक्षा काय ठेवायची तर हा व्हायरस जातीपेक्षा भूगोलाप्रमाणे वेगळा निघतो, एकाच समुद्रातल्या दोन जातींच्या कासवांत सारखा आणि एकाच जातीत दोन समुद्रांत वेगळा. आणि हे फाटे लाखो वर्षांपूर्वीचे आहेत, १९८० मध्ये काही नवा व्हायरस जन्माला आला असं दिसत नाही. म्हणजे व्हायरस जुनाच, बदललं ते दुसरंच काहीतरी.

ते काहीतरी म्हणजे बहुधा किनाऱ्याचं पाणी. लहानपणी खोल समुद्रात असलेल्या पिल्लांना गाठी नसतात, किनाऱ्याजवळ गवत-शेवाळ खायला आली की दिसायला लागतात, आणि सांडपाणी-खतांचा नायट्रोजन उतरणाऱ्या उथळ खाड्यांत जास्त. हवाईत असंही मांडलं गेलं की अशा पाण्यातलं परकं शेवाळ आर्जिनिन साठवतं आणि ते हर्पीसच्या पथ्यावर पडतं, यावर वाद आहे. म्हणून सॅम्पलसोबत जागा, तारीख, पाण्याचं तापमान लिहाच.

पाण्यातूनही व्हायरस मोजता येतो. कासवाच्या टाकीतलं ठरावीक पाणी बारीक फिल्टरमधून गाळायचं, फिल्टरमधून डीएनए काढायचं आणि तोच यूएल३० लावायचा. सोबत कासव नसलेल्या टाकीचं पाणी गाळायला विसरू नका. अशा मोजणीतून कळलं की गाठी असलेली कासवं व्हायरसचं डीएनए थेट पाण्यात सोडतात, आणि कासवांना चिकटणाऱ्या जळवांपेक्षा पाण्यात ते जास्त होतं. जळवा व्हायरस पसरवतात हा संशय मात्र जुना आणि साधार, २००४ च्या अभ्यासात कासवाला चिकटणाऱ्या ओझोब्रँकस जातीच्या एकेका जळूत १ कोटीपेक्षा जास्त कॉपी निघाल्या होत्या. तरी हेही पुन्हा डीएनएच, त्यातले किती कण जिवंत आणि लागण करू शकणारे हे क्यूपीसीआर सांगत नाही.

आता रिपोर्ट लिहायचा. 'सीएचएचव्ही५ पॉझिटिव्ह' एवढंच लिहू नका. असं लिहा: डाव्या वल्ह्यावरची गाठ, आकार अमुक, पेशीमागं व्हायरसच्या इतक्या कॉपी, त्याच कासवाच्या निरोगी कातडीत इतक्या, स्लाइडवर इन्क्लुजन दिसल्या किंवा किती कापे बघून दिसल्या नाहीत, व्हायरसचे जीन चालू किंवा बंद, आतल्या गाठींची तपासणी केली की नाही. पुढं त्या कासवाला कुठल्या टाकीत कोणाशेजारी ठेवायचं, हे डॉक्टर त्या ओळींवरूनच ठरवतो.

आणि आमच्या कोकणातल्या मंडळींसाठी, वेळास, आंजर्ले किंवा कुठंही किनाऱ्यावर मेलेलं वा थकलेलं कासव दिसलं आणि अंगावर मांसल वाढ वाटली तर ती ओढू-कापू नका, शेजारी पेन किंवा चप्पल ठेवून डोळे, मान, चारही वल्ह्यांच्या काखा आणि शेपटीचा भाग असे जवळून फोटो काढा, जागा-वेळ लिहा आणि वनखात्याला लगेच कळवा. जिवंत असेल तर अंगावर ओलं फडकं टाकून सावली करा, नाकपुड्या उघड्या ठेवा, आणि समुद्रात परत ढकलू नका, थकलेलं कासव पाण्यात बुडून मरतं.